भाड्याच्या फ्लॅटमध्ये पहिला गणपती: मित्रांसोबत दीड दिवसाची पूर्ण तयारी

बंगळुरू असो, गुरुग्राम असो, लंडन असो की दुबई, घरापासून लांब राहणाऱ्या चार-पाच जणांच्या फ्लॅटमध्ये गणपतीचा विषय साधारण आठवडाभर आधी निघतो. तेव्हा उत्साह भरपूर असतो, पण बऱ्याच गोष्टींना उशीर झालेला असतो. मूर्ती मिळत नाही, दूर्वा कुठे शोधायच्या कळत नाही, आणि मोदक कोण करणार यावर सगळे एकमेकांची तोंडं बघतात. म्हणून तयारी महिनाभर आधी सुरू करा आणि उत्सव मात्र छोटा ठेवा.

छोटा म्हणजे दीड दिवसाचा. पाच किंवा सात दिवस बसवायची हौस पहिल्या वर्षी टाळाच. गणपती बसला की सकाळ-संध्याकाळ आरती आणि नैवेद्य आले. घर कुलूप लावून रिकामं ठेवायचं नाही, हा बहुतेक घरांचा रिवाज आहे. नोकरी करणाऱ्यांना हे तिसऱ्या दिवशी जड जातं आणि मग समई विझलेल्या खोलीत देव एकटाच बसून राहतो. दीड दिवस नीट केला तर कुणालाच ओझं होत नाही. कोकणात आणि गोव्यातही कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या दीडच दिवसाचा असतो, त्यामुळे हा काही शहरी शॉर्टकट नव्हे.

आधी तारीख, मग सुट्टी

भाद्रपद शुद्ध चतुर्थी २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला, सोमवारी येते. प्रतिष्ठापना मध्यान्हकाळी करतात. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे पाच समान भाग केले तर तिसरा भाग म्हणजे मध्यान्ह, साधारण अकरा ते दीड. परदेशात असाल तर भारतातल्या कॅलेंडरवरची वेळ उचलू नका. तुमच्या गावाचा सूर्योदय-सूर्यास्त घेऊन हिशोब करा किंवा पंचांगाच्या अ‍ॅपमध्ये शहर बदला. तिथी जगभर एकाच क्षणी सुरू होते, घड्याळं मात्र वेगळी असतात. त्यामुळे अमेरिकेत एखाद्या वर्षी चतुर्थी भारताच्या आदल्या तारखेला येऊ शकते.

चतुर्थीला किमान दोघांनी पूर्ण दिवस रजा टाकायची. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर अर्धा दिवस पुरतो. गावातल्या महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम शनिवार-रविवारी असेल तर तिथे जरूर जा, पण घरची प्रतिष्ठापना त्यासाठी रविवारवर ढकलू नका. पाहुण्यांना हवं तर चतुर्थीच्या संध्याकाळी बोलवा.

रजेच्या आधी एक काम उरकायचं: फ्लॅटमधल्या प्रत्येकाला विचारायचं. एखादा साथीदार वेगळ्या धर्माचा असेल, कुणाला धुराचा त्रास असेल, कुणी रात्रपाळी करत असेल. ते दीड दिवस फ्रिजमध्ये मांस-मच्छी न ठेवण्याची विनंती महिनाभर आधी केली तर कुणी नाही म्हणत नाही. ऐन चतुर्थीला सकाळी फ्रिज उघडून कपाळाला हात लावण्यात अर्थ नाही. घरमालकाचा करार पण वाचा, उघड्या ज्योतीबद्दल त्यात एखादी ओळ असते.

मूर्ती

सहा ते नऊ इंचांची, बसलेली, डाव्या सोंडेची, शाडूची. उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं कडक मानतात, तेव्हा भाड्याच्या घरात तो आग्रह नको. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती घेऊ नका. ती बादलीत विरघळत नाही आणि मग भिजलेली मूर्ती न्यायची कुठे हा प्रश्न तुमच्याच गळ्यात पडतो. दुकानदार दोन्हीला ‘इको-फ्रेंडली’ म्हणतो. शाडूची मूर्ती हातात जड लागते आणि रंग नसलेल्या तळाला ओलं बोट घासलं की बोटाला चिखल लागतो.

महाराष्ट्रातून मूर्ती नेणार असाल तर ती हातातल्या बॅगेतच. शाडू आतून कोरडा, ठिसूळ असतो, आणि सोंड, कान, हाताची बोटं हे त्याचे नाजूक भाग. आधी मऊ सुती कापड गुंडाळा, सोंड आणि हात यांच्या पोकळीत कापूस भरा, वर बबल रॅप, मग घट्ट बसणारा खोका. फक्त बबल रॅप गुंडाळला तर फुगे नेमके सोंडेवर दाब देतात आणि ती तिथेच मोडते. प्रवासात मोडली तरी घाबरू नका. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती फक्त माती आहे. शाडूचा पातळ चिखल लावून जोडा, वाळवा आणि रंगवा. प्रतिष्ठापनेनंतर मूर्ती भंगली तर मात्र उत्तरपूजा करून लगेच विसर्जन करतात.

पेणच्या कारखान्यांतून परदेशी जाणाऱ्या मूर्ती कित्येक महिने आधी जहाजाने निघतात. म्हणून परदेशातल्या भारतीय दुकानात जुलैतच चौकशी करून नाव नोंदवून ठेवावं. ऑगस्टच्या शेवटी उरतात त्या बहुधा प्लास्टरच्या किंवा रेझिनच्या.

मूर्ती घरी करणं सोपं आहे आणि सगळ्या मित्रमंडळींना एका रविवारी कामाला लावता येतं. चित्रकलेच्या सामानाच्या दुकानातून कुंभारकामाची नैसर्गिक माती साधारण दीड किलो आणा. हवेत वाळणाऱ्या काही मातीत कागदाचा लगदा किंवा चिकटद्रव्य असतं आणि पॉलिमर क्ले तर पाण्यात कधीच विरघळत नाही. परीक्षा सोपी: सुपारीएवढी गोळी पूर्ण वाळवून पाण्यात टाका. तासाभरात ती ढासळून बुडाशी चिखल झाला तर माती कामाची.

पाट, मांड्या, पोट, छाती, हात, डोकं, सोंड, कान या क्रमाने करा. जोड द्यायच्या दोन्ही जागांवर टोकदार काडीने आडव्या-उभ्या रेघा ओढा, पातळ चिखल लावा आणि मगच दाबून चिकटवा. नुसता दाबून बसवलेला हात वाळताना गळून पडतो, कारण दोन भाग वेगवेगळे आकसतात. पोट फार जाड असेल तर तळाकडून चमच्याने थोडं कोरून पोकळ करा. वाळवायला सावलीत पाच-सहा दिवस. पंख्याखाली किंवा उन्हात ठेवली की वरचा थर आधी आकसतो आणि पोटावर भेगा जातात. भट्टीत किंवा ओव्हनमध्ये अजिबात नाही. रंगाला हळद, गेरू, कुंकू, आणि डोळे सगळ्यात शेवटी, ज्याचा हात स्थिर आहे त्याच्याकडून.

यातलं काहीच जमलं नाही तर तांदळाच्या राशीवर एक सुपारी ठेवा आणि तिचीच पूजा करा. सुपारीचा गणपती हा पूर्ण मान्य प्रकार आहे. सत्यनारायणापासून वास्तुशांतीपर्यंत प्रत्येक पूजेची सुरुवात त्यानेच होते.

सामान, आणि विमानात काय अडतं

ताम्हन, तांब्या, पळी, निरांजन, समई आणि घंटा या सहा वस्तू जमवा. एक ताट आणि एक स्टीलचा पेला ताम्हन-तांब्याचं काम करतात, त्याची लाज नको. बाकीची यादी:

हळद, कुंकू, अष्टगंध, शेंदूर, गुलाल. अक्षतांसाठी मूठभर अखंड तांदूळ (तुटका दाणा चालत नाही, म्हणून कणी असलेला तांदूळ नको). जानवं एक, कापसाची वस्त्रमाळ एक. फुलवाती दहा, तेलवाती चार. सुपाऱ्या सात, विड्याची पानं बारा, सुटी नाणी पाच. नारळ दोन, एक कलशावर, एक देवापुढे. पंचामृताला दूध, दही, तूप, मध, साखर, प्रत्येकी दोन-तीन चमचे बास. लाल फुलं, जमलं तर जास्वंद. दूर्वांच्या किमान एकवीस काड्या. पाच फळं. उदबत्ती, कापूर, काडेपेटी.

आता विमानाची गोष्ट. कापूर आणि काडेपेट्या ज्वालाग्राही म्हणून सामानात चालत नाहीत. सुक्या खोबऱ्याची वाटीसुद्धा भारतीय विमानतळांवर काढून घेतात, कारण त्यातल्या तेलामुळे ती पेट घेणाऱ्या मालात मोडते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: खसखस दुबई-अबूधाबीला किंवा सिंगापूरला चुकूनही नेऊ नका. तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. आईने प्रेमाने दिलेल्या पंचखाद्याच्या डब्यातही ती असते, तो डबाही उघडून बघा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड माती, बिया, पानं, फुलं यांबाबत फार कडक आहेत. जे नेताय ते फॉर्मवर लिहा, अधिकारी ठेवून घेतील तर घेऊ द्या. लपवलं तर दंड होतो.

दूर्वा म्हणजे उष्ण प्रदेशात हिरवळीसाठी लावतात तेच बर्म्युडा गवत. बंगळुरूत किंवा टेक्सासमध्ये ती अंगणात सापडते, जर्मनी-इंग्लंडच्या थंडीत सहसा नाही. तीन किंवा पाच कोवळ्या पात्यांचा शेंडा म्हणजे एक दूर्वा. कुत्र्यांच्या फिरण्याच्या जागेतून खुडू नका, इतकंच. न मिळाल्यास शास्त्रात आधीच सोय आहे: जो उपचार जमत नाही त्याच्या जागी अक्षता वाहायच्या. वस्त्र नाही, ‘वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि’. एकवीस पत्री नाहीत, तरी तेच. म्हणून अक्षता भरपूर ठेवा, बाकी यादीतली निम्मी नावं गाळली तरी पूजा अडत नाही.

जागा

मूर्ती बसली की हलवायची नाही. म्हणून आदल्या रात्री रिकाम्या पाटावर पेटलेलं निरांजन ठेवून पंधरा मिनिटं बघा. एसीचा झोत येतो का, पडदा उडून ज्योतीजवळ येतो का, फ्रिजचं दार तिथे आपटतं का. मखराला थर्माकोल नको, ज्योतीजवळ तो वितळतो. साडी किंवा दुपट्टा भिंतीवर ताणून बांधला, दोन बाजूंना कुंड्या ठेवल्या आणि वर एक एलईडीची माळ सोडली की पाहुण्यांना पुरेसं वाटतं. भाड्याच्या भिंतीला खिळा ठोकू नका. डिपॉझिट कापायला घरमालकाला तेवढंच निमित्त पुरतं.

धुराचा अलार्म ही परदेशातली खरी डोकेदुखी. ब्रिटनमधल्या बऱ्याच घरांत स्वयंपाकघरात उष्णतेवर वाजणारा आणि पॅसेजमध्ये धुरावर वाजणारा अलार्म असतो. देव पॅसेजच्या तोंडाशी बसवला तर पहिल्या कापुराला सगळी इमारत खाली उतरते. अलार्मवर पिशवी किंवा टोपी घालणं हा उपाय नव्हे. ते धोक्याचं आहे आणि करारभंगही. देव खिडकीच्या बाजूला बसवा, आरतीआधी खिडकी उघडा, एकावेळी एकच उदबत्ती लावा, धूप पूर्ण टाळा, कापराची एकच वडी आणि तीही आरतीच्या शेवटच्या मिनिटाला. रात्री झोपताना तेलाची समई शांत करून बॅटरीचा दिवा लावला तर देव रागावत नाही.

पूजा

भटजी मिळणं कठीण असतं, आणि मिळाले तरी त्या दिवशी त्यांच्याकडे घटकाभर वेळ असतो. रेकॉर्ड केलेली पूजा लावता येते, पण ती एकदा आधी पूर्ण ऐका. ‘आता पळीभर पाणी’ म्हटल्यावर पळी कुठे आहे हे शोधताना तीन मंत्र पुढे निघून जातात. म्हणून दोघं बसा: एकजण पूजा करतो, दुसरा डावीकडे बसून वस्तू हातात देतो आणि फोन थांबवतो.

मूर्ती घरात आणताना तोंडावर रुमाल असतो. दारात आणणाऱ्याच्या पायावर पाणी घालून, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकून मग आत घ्यायचं. पाटावर थोडे तांदूळ पसरून त्यावर मूर्ती ठेवा. पुढचा क्रम असा: आचमन, संकल्प, कलश-शंख-घंटा-दीप यांची पूजा, प्राणप्रतिष्ठा, मग सोळा उपचार.

संकल्पात स्थळाचं नाव येतं. म्युनिकमध्ये बसून ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ म्हणायची गरज नाही, तुमच्या गावाचं, नदीचं नाव घ्या. प्राणप्रतिष्ठेत मूर्तीच्या हृदयाला उजव्या हाताने स्पर्श करतात आणि दूर्वेच्या टोकाने डोळ्यांना तूप लावतात. तिथे फोन, विनोद, फोटो सगळं थांबवा.

सोळा उपचार म्हणजे आलेल्या पाहुण्याचं केलेलं आदरातिथ्यच: आवाहन, आसन, पाय धुवायला पाणी, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, जानवं, गंध, फुलं, धूप, दीप, नैवेद्य, नमस्कार, प्रदक्षिणा आणि मंत्रपुष्प. हा क्रम पाहुण्याच्या नजरेने लक्षात ठेवला की कागद लागत नाही.

सगळ्यात मोठी चूक स्नानाला होते. शाडूच्या मूर्तीवर पंचामृत ओतायचं नाही. रंग ओघळतो आणि तळ मऊ पडून मूर्ती कलते. फुलाने थेंबभर शिंपडा आणि खरं पंचामृत समोर ताम्हनातल्या सुपारीला घाला. मूर्तीला हारही हलकाच घाला. ओल्या झेंडूच्या जड हाराने कितीतरी मूर्तींचे कान गेले आहेत.

मोदक

दीड दिवसात सगळ्यात जास्त घाम इथेच गाळावा लागतो. आधीच्या रविवारी सात-आठ मोदकांची रंगीत तालीम करा. पीठ कसं आहे ते त्याशिवाय कळत नाही.

एकवीस मध्यम मोदकांसाठी: तांदळाचं पीठ २ वाट्या, पाणी २ वाट्या, तूप १ चमचा, चिमूटभर मीठ. सारणाला ओलं खोबरं अडीच वाट्या, चिरलेला गूळ सव्वा वाटी, वेलची पाव चमचा, जायफळ किंचित, आवडत असल्यास १ चमचा भाजलेली खसखस (दुबई-सिंगापूरवाल्यांनी अर्थातच गाळावी). वाटी २०० मिलिलिटरची धरली आहे. कुठलीही घ्या, पण सगळ्याला तीच.

पीठ शक्यतो आंबेमोहोर किंवा सुवासिक नव्या तांदळाचं, मोदकासाठीच म्हणून मिळतं ते. परदेशात थाई दुकानातलं बारीक तांदळाचं पीठ उत्तम लागतं. मात्र पाकिटावर ‘ग्लुटिनस’ लिहिलेलं पीठ वेगळं. ते सगळं वापरलं तर मोदक वाफेत पसरून चिकट गोळा होतो. साध्या पिठात त्याचे दोन चमचे घातले तर मात्र उकड लवचिक होते आणि नवख्या हाताला कळ्या जमतात.

सारण आदल्या रात्री करा. फ्रोझन खोबरं पूर्ण वितळवून, हलकं पिळून घ्या. खोबरं-गूळ मध्यम आचेवर एकत्र परता. गूळ वितळून पातळ होईल, मग आटू लागेल. चमच्याने बाजूला सारल्यावर कढईचा तळ दिसायला लागला, पण सारण अजून ओलसर चकाकतंय, तेव्हाच उतरवा. आणखी दोन मिनिटं ठेवलंत तर गार झाल्यावर चिक्की. लवकर उतरवलंत तर पाक सुटून मोदक तळाला फुटतो.

उकडीसाठी पाणी, तूप, मीठ खळखळ उकळा. पाण्यातला अर्धा भाग दूध घेतलं तर मोदक पांढरेशुभ्र होतात. पीठ एकदम घाला, उलथन्याच्या दांड्याने भराभर हलवा, झाकण ठेवून मंद आचेवर दोन मिनिटं, मग गॅस बंद करून दहा मिनिटं तसंच. परातीत काढून गरम असतानाच मळायचं. हात पोळतो, म्हणून आधी वाटीच्या बुडाने रगडा, नंतर पाण्या-तेलाचा हात लावून पाच-सात मिनिटं. गोळा गालासारखा मऊ लागला पाहिजे आणि चेपल्यावर कडा चिरता कामा नये. चिरतोय म्हणजे पाणी कमी, एक चमचा गरम पाणी शिंपडून पुन्हा मळा. मोदक वाफेत तडकण्याचं मूळ दहापैकी नऊ वेळा इथे, मळण्यात असतं.

लिंबाएवढा गोळा, ओल्या फडक्याखाली झाकलेला. बोटांनी पारी करा, मध्ये जाड, कडेला पातळ. एक मोठा चमचा सारण. अंगठा आणि दोन बोटांनी जवळजवळ नऊ ते अकरा कळ्या पाडा, मग तळहातावर फिरवत सगळ्या वर एकत्र आणून टोक काढा. न जमल्यास साचा वापरा. मात्र त्याला आतून तुपाचा हात हवा.

वाफवायला मोदकपात्र नसेल तर प्रेशर कुकर शिट्टी काढून, राइस कुकरची जाळी, किंवा बांबूची टोपली. खाली केळीचं पान (पूर्व आशियाई दुकानात फ्रोझन मिळतं) किंवा ओलं फडकं. प्रत्येक मोदक ठेवण्याआधी पाण्यात बुडवून काढा, म्हणजे वर कोरडी साल धरत नाही. पाणी उकळल्यावरच भांडं चढवा आणि दहा ते बारा मिनिटं. मोदकांमध्ये बोटभर अंतर, नाहीतर काढताना एकाची पाठ दुसऱ्याला जाते. उतरवून दोन मिनिटं थांबा, मग ओल्या हाताने काढा.

उरलेल्या उकडीत मिरची-जिरं वाटून निवगऱ्या करा. रात्रभर राबलेल्यांना गोडापेक्षा त्याच जास्त आवडतात.

पंधरा पाहुण्यांना प्रत्येकी तीन उकडीचे मोदक करायचा विचार सोडा. एकवीस नैवेद्याला आणि घरच्यांना, पाहुण्यांसाठी दोन दिवस आधी तळणीचे मोदक करून डब्यात भरा. खारीक, खोबरं, खडीसाखर, मनुका यांची खिरापत संध्याकाळच्या आरतीला पुरते.

जेवण

कांदा-लसूण नाही. वरण-भात-तूप-लिंबू, पुऱ्या, बटाट्याची पिवळी भाजी, काकडीची कोशिंबीर, एक चटणी, मोदक. यापलीकडे पहिल्या वर्षी जाऊ नका. अळूवडीचा मोह होत असेल तर ती गुजराती दुकानात ‘पात्रा’ नावाने तयार मिळते. बारा जणांना तांदूळ पाऊण किलो, तूरडाळ ४०० ग्रॅम, बटाटे २ किलो, पुऱ्यांना कणीक १ किलो. पुऱ्या शेवटी, मोदकाचं पात्र उतरल्यावर. दोन शेगड्यांच्या स्वयंपाकघरात हे वेळापत्रक चुकलं की नैवेद्य चार वाजता दाखवला जातो आणि उपाशी मित्र फरसाणाचं पाकीट फोडतात.

तमिळ, तेलुगू, कन्नड मित्र असतील तर त्यांना नुसते पाहुणे करू नका. तमिळ घरांत कोळुक्कट्टै, तेलुगू घरांत वुंड्राळ्ळू आणि कुडुमुलू, कन्नड घरांत कडुबू, हे सगळे मोदकाचेच भाऊबंद आणि त्यांचे हात उकडीला सरावलेले असतात. तेलुगू घरांत पत्रीची पूजा फार नेटकी होते, पानं ओळखणारा माणूस तिथेच सापडतो. कन्नड मंडळींची गौरी एक दिवस आधी येते. गोव्याचा कुणी असेल तर देवाच्या वर माटोळी, म्हणजे फळं-भाज्यांचं छत, बांधायचं काम त्याच्याकडे. पडद्याच्या दोन दांड्यांवर चार काकड्या, भोपळा नाही पण सिमला मिरच्या, संत्री आणि आंब्याचा टाळा टांगला तरी फ्लॅटची कळा बदलते.

आरती

सुरुवात करणारा एकच माणूस ठरवा. नाहीतर पहिल्या ओळीत तीन पट्ट्या लागतात आणि कडव्यांची सरमिसळ होते. गणपती, शंकर, देवी, विठ्ठल, मग ‘घालीन लोटांगण’ आणि मंत्रपुष्पांजली, हे वीस मिनिटांत बसतं. शेजारी कंटाळणारे असतील तर दोन आरत्या करा, पण पूर्ण करा. ज्यांना देवनागरी येत नाही त्यांच्यासाठी रोमन लिपीतला कागद छापा. फोनवरून वाचणारा हमखास मागे पडतो.

शब्द तेवढे तपासून घ्या. ‘फणिवरबंधना’ आहे, ‘फळीवर वंदना’ नाही. ‘दास रामाचा वाट पाहे सदना’, ‘सजणा’ नव्हे. ‘संकटी पावावे’, ‘संकष्टी’ नव्हे. वर्षानुवर्षं चुकीचं म्हणणारे या यादीवर भांडतात. अर्थ समजावून सांगितला की गप्प बसतात.

आदल्या दिवशी वरच्या-खालच्या घरांच्या दारात चिठ्ठी ठेवा: उद्या आमचा सण आहे, संध्याकाळी साडेसात ते आठ टाळ्या-घंटेचा आवाज येईल, प्रसादाला या. जर्मनीत रात्री दहानंतर शांततेचा नियम काटेकोर पाळतात. दहाच्या आत सगळं आटपा. मोठी झांज फ्लॅटमध्ये नकोच, टाळ पुरतात. आणि हो, त्या रात्री पाहुण्यांना सोडायला बाहेर गेलात तर चंद्राकडे बघू नका. आजी विचारणारच.

विसर्जन

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. सकाळी साधी पूजा आणि आरती, संध्याकाळी उत्तरपूजा. गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य हे पाच उपचार, आरती, देवाच्या हातावर दही, शिदोरीला दही-पोहे. मग ‘यान्तु देवगणाः सर्वे’ म्हणून अक्षता वाहायच्या आणि मूर्ती पाटावर जराशी सरकवायची. इथे पूजा संपली.

नदी-तलावाच्या मागे लागू नका. परदेशात बहुतेक ठिकाणी परवानगी लागते आणि भारतातही महापालिका कृत्रिम हौदच सुचवतात. वीस लिटरची नवी बादली घ्या, मूर्तीच्या डोक्यावर तीन-चार इंच पाणी येईल इतकी भरा. आधी हार, वस्त्र, जानवं, कागदी मुकुट, मणी, सगळं उतरवा. विसरलेला एक प्लास्टिकचा मणी नंतर चिखलात शोधावा लागतो. दोन्ही हातांनी दोनदा बुडवून वर काढा आणि तिसऱ्यांदा अलगद सोडा. लहान शाडूची मूर्ती काही तासांत, जास्तीत जास्त रात्रभरात विरघळते. काठीने ढवळायचा, चेहरा मोडायचा उतावळेपणा करू नका. बादलीवर झाकण ठेवून निघून जा.

सकाळी वरचं पाणी झाडांना घाला. खालचा चिखल बेसिनमध्ये किंवा संडासात ओतू नका, तो पाइपच्या वळणात बसून दगड होतो आणि प्लंबरचं बिल मूर्तीच्या दुप्पट येतं. कुंडीतल्या मातीत तो पातळ थराने मिसळा. एकाच कुंडीत सगळा घातला तर वर कडक पापडी धरते आणि पाणी मुरत नाही. निर्माल्य देठासकट खताच्या डब्यात, हाराचा दोरा काढून. त्याच कुंडीतली चिमूटभर माती रिकाम्या पाटावर ठेवून शेवटची आरती करतात आणि उरलेली खिरापत वाटतात. बादली धुऊन वाळवून पूजेच्या सामानातच ठेवा, घरातल्या कुणीतरी ती फरशी पुसायला घेण्याआधी.